सीएला पगाराची शीट पाठवताना एवढं करा

दर महिन्याला सीएला पगाराची एक्सेल मेलवर जाते, सगळ्यांचे पॅन, बँक खाते नंबर त्यातच, आणि मेल चुकून दुसऱ्याच कोणाला गेला की संपलं. म्हणून फाइलला पासवर्ड लावूनच पाठवा, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलमध्येच सोय आहे.

१. फाइल मेनू, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, मग एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. (शेजारीच प्रोटेक्ट शीट दिसतं, बरेच जण तेच करतात, पण त्याने फक्त सेल बदलता येत नाहीत, फाइल तर कोणीही उघडून वाचतो.)
२. पासवर्ड लांब ठेवा, कंपनीचं नाव आणि १२३ असला नको, मग सेव्ह करा.
३. फाइल मेलवर, पासवर्ड फोनवर. त्याच मेलच्या खाली पासवर्ड लिहिणारेही बघितलेत, म्हणजे कुलूप लावून किल्ली तिथेच टांगायची.

पाठवायच्या आधी स्वतः एकदा उघडून बघा, पासवर्ड विचारतोय ना.

फक्त पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टसुद्धा तो परत काढून देत नाही, म्हणून मूळ फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहू द्या आणि कॉपीलाच पासवर्ड लावा.