लाळेच्या वर्णपटातून तोंडाच्या कर्करोगाचा माग कसा काढावा

लाळ कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते आणि किती उत्सर्जित करते याचा आलेख म्हणजे तिचा वर्णपट; त्यावरून रुग्ण आणि निरोगी माणूस वेगळे ओळखता येतात का, हे पाहायचे. मराठवाड्यात हा अभ्यास हाती घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आधी एक अडचण ओळखावी. तंबाखूचा बार, सुपारी, काथ आणि बायकांची मिश्री यांचे अंश लाळेत उतरतात, स्वतः प्रकाश शोषतात आणि काही अंशी उत्सर्जितही करतात. त्यामुळे निर्व्यसनी निरोगी माणसांची रुग्णांशी तुलना केली, तर यंत्र बहुधा कर्करोग नव्हे, तंबाखू ओळखते. म्हणून तंबाखू खाणाऱ्या, पण तोंडात चट्टा वा व्रण नसलेल्या, त्याच वयोगटातील व्यक्तींचा तिसरा गट घ्यावाच.

नैतिक समितीची परवानगी आणि मराठीतील लेखी संमती मिळाल्यावर, किमान तासभर काही न खाल्लेल्या व्यक्तीला साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावे, दहा मिनिटे थांबावे आणि खाकरून नव्हे, तर तोंडात आपोआप साचलेली लाळ निर्जंतुक नळीत घ्यावी. नळी तत्काळ बर्फात ठेवावी, कारण लाळेतील जिवाणू व विकरे (एन्झाइम) प्रथिनांचे विघटन करत राहतात. पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत किनवटहून छत्रपती संभाजीनगरला एसटीने नमुना न्यायचा, तर पिशवीतला बर्फ पुरणार नाही; नमुने गावाजवळच सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवून), वरचा निवळ भाग लहान नळ्यांत विभागून गोठवावा. विभागणीमुळे तोच नमुना वारंवार वितळवावा लागत नाही.

मोजणी क्वार्ट्झच्या क्युवेटमध्येच (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक पात्रात) करावी, कारण साधी काच अतिनील किरण अडवते. प्रथम शोषण वर्णपट घ्यावा. 415 नॅनोमीटरजवळ शिखर दिसले, तर हिरड्यांतले रक्त मिसळल्याचा संशय घेऊन नमुना बाजूला काढावा. उत्तेजनाच्या, म्हणजे नमुन्यावर टाकायच्या प्रकाशाच्या, तरंगलांबीवरील शोषण 0.1 पेक्षा खाली येईल इतका नमुना फॉस्फेट बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) विरळ करावा, अन्यथा द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळते. मग 280 नॅनोमीटरने उत्तेजित केल्यास ट्रिप्टोफॅनचे (प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लाचे) उत्सर्जन 350 च्या आसपास, 340 ने एनएडीएचचे (पेशींच्या ऊर्जानिर्मितीतल्या एका रेणूचे) 450 ते 460 दरम्यान, तर 405 ने पॉर्फिरिनचे (रक्तातल्या हीमशी नाते असलेल्या रंगद्रव्याचे) 630 जवळ दिसते. या शेवटच्या लाल शिखराने हुरळून जाऊ नये. दातांवरच्या किटणातले जिवाणूही पॉर्फिरिन बनवतात. यंत्रातल्या दिव्याची रोजची तपासणी शुद्ध पाण्याने करता येते: 350 ने उत्तेजित केल्यावर पाण्याचे रामन शिखर (पाण्याच्या रेणूंनी तरंगलांबी बदलून विखुरलेल्या प्रकाशाचे शिखर) 397 वर यावे आणि त्याची उंची नोंदवून ठेवावी.

तिन्ही गटांचे नमुने एकाच दिवशी, सरमिसळ करून, केवळ सांकेतिक क्रमांकांनिशी मोजावेत. विश्लेषणात एकाच रुग्णाची काही वाचने संगणकी प्रारूपाच्या शिकवणीला आणि काही त्याच्या चाचणीला गेली, तर अचूकता फसवी वाढते; त्यामुळे विभागणी रुग्णानुसार करावी, वाचनांनुसार नव्हे.

निदान अजूनही बायोप्सीच (ऊतीचा तुकडा काढून केलेली तपासणी) करते, म्हणून वर्णपटाचा निकाल रुग्णाला सांगू नये. नमुना घेताना तीन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेला व्रण दिसला, तर मोजणीची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी दंतवैद्यकाकडे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात पाठवावे.