शिडाची होडी पळत नाही? या चुका टाळा

शिडाची होडी शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच गोष्ट करतो: शिडाची दोरी खेचतो. वेग कमी वाटला, खेच. वारा वाढला, अजून खेच. शीड पत्र्यासारखं ताठ होतं, होडी कलते आणि गोगलगायीसारखी सरकते. मुंबईच्या बंदरात मी अख्खा एक मोसम हेच करत होतो.

वारा शिडाला मागून ढकलतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते खरं, पण वारा पाठीशी असेल तेव्हाच. आडव्या वाऱ्यात शीड विमानाच्या पंखासारखं वागतं. ते वाऱ्याला वळवतं, आणि त्याची उलट ओढ शिडाला मिळते. (फुगीर बाजूच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून ती धावत जाऊन पलीकडच्या हवेला गाठते, असं शाळेत ऐकलं असेल तर विसरा. ती गाठत नाही, आधीच पोचते.) दोरी फार आवळली की हवा शिडाला धरून वळत नाही, सुटते. पुढची ओढ गळते, होडीला कलवणारा जोर मात्र राहतो.

उपाय सोपा आहे. डोलकाठीजवळची कड फडफडेपर्यंत दोरी सोडा, मग फडफड थांबेल इतकीच ओढा. शिडावर लोकरीचे धागे चिकटवलेले असतात, ते दोन्ही बाजूंनी सरळ मागे वाहायला हवेत. वाऱ्याआडच्या बाजूचा धागा गरगरला तर शीड जास्त आवळलंय. वाऱ्याकडचा नाचला तर सैल आहे.

होडी पुढे न जाता खेकड्यासारखी आडवी जातेय? आधी खाली बघा, पाण्यातली फळी वरच राहिली असेल. शिडाचा बराचसा जोर आडवा असतो. तो फळी अडवते आणि उरलेला होडीला पुढे काढतो. जांभळाची ओली बी दोन बोटांत दाबली की पुढे सटकते, तसंच. ऑप्टिमिस्ट ही मुलांची होडी जेमतेम 2.3 मीटर लांब, पण तिलाही फळीशिवाय वाऱ्याकडे चढता येत नाही.

फळी खाली असूनही होडी घसरते, कारण अनेकांना वाऱ्याच्या तोंडात घुसायची हौस. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 45 अंशांच्या आत शीड चालत नाही. वेग निम्मा झाला की त्याच कोनात फळीचा आधार चौथाईवर येतो, म्हणजे जवळचा रस्ता धरायला जाऊन तुम्ही आडवेच वाहत जाता. होडीचं नाक वाऱ्यापासून थोडं दूर वळवा, वेग येऊ द्या, मग नागमोडी चढा.

पाठीवरचा वारा सर्वांत वेगवान, हाही गैरसमजच. वारा 10 नॉट (ताशी सागरी मैल) आणि होडी 4 नॉट असेल तर शिडाला मिळतात फक्त 6. तोच वारा आडवा घेऊन 6 नॉटनी निघालात तर शिडाला साधारण 11.7 नॉट लागतात, आणि वारा पुढून आल्यासारखा वाटतो. म्हणून वेग वाढला की दोरी थोडी ओढावी लागते. खेचायची हौस इथे भागवा.

आणि वळताना नाक वाऱ्यात अडकून होडी थांबलीच, तर सुकाणू वल्ह्यासारखं हलवू नका. शिडाची आडवी काठी आणि सुकाणूचा दांडा, दोन्ही स्वतःपासून दूर ढकला. होडी मागे सरकत वळेल. नाक वाऱ्यातून बाहेर आलं की दोन्ही परत ओढा आणि निघा.