लॅपटॉप आणि मोबाइलची पिक्सेल घनता कशी ताडून पाहावी

नुसतं ‘फुल एचडी’ वाचून दोन स्क्रीनची तुलना होत नाही. आडव्या आणि उभ्या पिक्सेलच्या वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि त्याला कर्णाच्या इंचांनी भागा. 15.6 इंची, 1920×1080 चा लॅपटॉप: 2203 ÷ 15.6 = सुमारे 141 पीपीआय (दर इंचाला इतके पिक्सेल, हीच पिक्सेल घनता). 6.5 इंची, 2400×1080 चा मोबाइल: 2632 ÷ 6.5 = सुमारे 405.

म्हणून लॅपटॉप तिप्पट धूसर दिसतो असं मात्र नाही. खरा फरक अंतराचा. निकोप नजरेला पिक्सेल वेगळे दिसू नयेत यासाठी साधारण 3438 भागिले अंतर (इंचांत) एवढी घनता लागते. मोबाइल 12 इंचांवर धरला तर 287, लॅपटॉप 24 इंचांवर असला तर 143. म्हणजे हा लॅपटॉप जेमतेम काठावर आहे. जवळ सरकून वाचणाऱ्याला अक्षरांच्या कडा खरखरीत दिसणारच.

पिक्सेलचा आकडा पॅनेलच्या तपशिलातूनच घ्या. 150 टक्के स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी दाखवायची सेटिंग) असेल तर ब्राउझर 1920 ऐवजी 1280 सांगतो, आणि सगळं गणित फसतं. शिवाय बऱ्याच ओएलईडी मोबाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीनऐवजी दोनच उपपिक्सेल (पिक्सेलमधले रंगाचे ठिपके) असतात, त्यामुळे तिथला 405 हा आकडा थोडा सढळ समजावा.