मागच्या डिफरन्शियलची 'घूंऽऽ' शेवटी थांबली (जुनी जीप)

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना अ‍ॅक्सिलेटर दाबला की मागून 'घूंऽऽ', सोडला की शांत. गिअर टाकताना 'टक्'. आधी डिफरन्शियलचं (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल बदललं, मग प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, मग चाकांचे बेअरिंग. दोन महिने आणि पैसे, दोन्ही पाण्यात.

धुळ्याच्या मिस्तरीने शाफ्ट सोडून पिनियनचा (शाफ्टकडून ताकद घेणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, वर-खाली हलवला. "पिनियन हाली राह्यनं, भाऊ!" नखाएवढा प्ले (ढिलेपणा) होता. ड्रेन केलेलं ऑइल उन्हात धरलं तर धातूच्या कणांनी चांदीच्या वर्खासारखं चमकत होतं. नशीब, क्राऊनचे (पिनियन फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात शाबूत होते. तेच गेले असते तर क्राऊन-पिनियनची जोडीच बदलावी लागते. एकटा पिनियन कधीच टाकू नका.

काम असं केलं: अ‍ॅक्सल बाहेर ओढले. बेअरिंग कॅपवर पंचने डावी-उजवी खूण केली (हे विसरलात तर संपलं). पिनियनचे दोन्ही आणि बाजूचे दोन्ही बेअरिंग कपसकट (बाहेरच्या कड्यांसकट) नवे, सीलही नवं. जुने शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) मायक्रोमीटरने मोजून त्याच जाडीचे, त्याच जागी. मग डायल गेज लावून बॅकलॅश (दोन्ही चाकांच्या दातांमधली मोकळीक) मोजला: पहिल्यांदा ०.३० मिमी आला. विरुद्ध बाजूचा एक पातळ शिम काढून क्राऊनच्या मागे घातला, ०.१८ वर बसला. दातांना निळा रंग लावून फिरवलं; ठसा दाताच्या मधोमध उमटला, तेव्हाच झाकण बंद. गिअर ऑइल ईपी ९०, जीएल-५ दर्जाचं, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत.

पहिले ५०० किमी लोड न टाकता चालवली, मग ऑइल पुन्हा बदललं. आता घाटात फक्त इंजिन ऐकू येतं.