सोळाव्या वर्षीचं लायसन्स आणि अठराव्या वर्षीचं

दहावीचा निकाल लागला की घरोघरी विषय निघतो: सोळा पूर्ण झाली, आता लायसन्स काढून टाकू. निघतं, पण ज्या गाडीसाठी हवं असतं तिचं नाही. सोळाव्या वर्षी, तेही पालकांच्या लेखी संमतीने, मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना. लुनाच्या जमान्यात या तरतुदीला अर्थ होता. आज दारात उभी असते ती ॲक्टिव्हा, जवळपास ११० सीसीची. तिच्यावर हे लायसन्स खिशात असूनही तुम्ही विनापरवानाच.

आणि ते महागात पडतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ‘क्लासपर्यंतच तर जातो’ हे कुठेही ऐकून घेतलं जात नाही.

इलेक्ट्रिकचा एक अपवाद आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची कमाल मर्यादा असलेल्या गाडीला लायसन्स लागत नाही. मात्र दुकानदाराने ‘स्पीड लॉक काढून देतो’ म्हटलं की तो अपवाद संपला.

म्हणून आमचं मत सरळ आहे: अठरापर्यंत थांबा, कागद मात्र आधी नीट करा. पहिला कागद आधार. पंधराव्या वर्षानंतर बायोमेट्रिक अपडेट करावंच लागतं आणि बहुतेकांनी ते केलेलं नसतं. घरबसल्या लर्निंग, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढताना तुमचा फोटो, पत्ता, जन्मतारीख आधारमधूनच उचलली जाते. तिथे पाचवीतला चेहरा असेल तर पडताळणी अडते. दुसरी अडचण त्याहून साधी: आधारला मोबाइल नंबर बाबांचा, बाबा ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि ओटीपीची मुदत संपलेली. आधी नंबर बदलून घ्या.

अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर होतो. लर्निंगचं शुल्क गाडीच्या प्रत्येक वर्गाला १५० रुपये, चाचणीचे ५० वेगळे. वर्ग निवडताना घाई करू नका. ‘विनागिअर’ निवडलंत तर पुढे बाइक चालवता येणार नाही, त्यासाठी पुन्हा लर्निंगपासून सुरुवात. गिअरची गाडी येत असेल तर तोच वर्ग घ्या, स्कूटर त्यात येते. चारचाकीही शिकणार असाल तर त्याच अर्जात टाका. आधी सुरक्षेचा व्हिडिओ पाहावा लागतो, मग प्रश्न. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. लोक चुकतात ते चिन्हांत: ‘थांबण्यास मनाई’ आणि ‘पार्किंगला मनाई’ यांतला फरक. पहिल्यात फुली, दुसऱ्यात एकच तिरपी रेघ.

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. त्या काळात सोबत पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, दुचाकीवर त्याच्याशिवाय कुणाला बसवायचं नाही. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा: पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. वहीच्या पानावर काळ्या मार्करने काढलेला चालत नाही.

आता चाचणीतला आठचा आकडा, म्हणजे पाय न टेकता गाडी 8 च्या आकारात फिरवणं. दुचाकीवर मुलं नापास होतात ती इथेच, आणि कारण बहुधा एकच: नजर पुढच्या चाकावर. चाक नजरेमागे जातं, म्हणून वळणाच्या पलीकडे बघा. स्कूटरवर ॲक्सिलरेटर अगदी थोडा आणि एकसारखा ठेवा, वेग मागच्या ब्रेकने हलका दाबून आवरा. वळणात ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की गाडी झुकते आणि पाय आपोआप खाली येतो. पाय टेकला की संपलं. बाइकवर तेच काम अर्ध्या क्लचने. पुढच्या ब्रेकला वळताना हात लावू नका. मोकळ्या जागेत दोन विटा सहा मीटरवर ठेवा, जमू लागलं की एकेक पाऊल जवळ आणा. हाताचे इशारेही पाठ हवेत. इंडिकेटर असला तरी निरीक्षक ते करून दाखवायला सांगू शकतात.

चाचणीचे प्रत्येक वर्गाला ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये मूळ शुल्क. गाडी तुम्हीच न्यायची, ज्या वर्गाचा अर्ज तीच. तिचं आरसी, विमा, पीयूसी चालू हवं. पीयूसी संपलेलं असतं आणि अख्खा दिवस वाया जातो, हे फार होतं. हेल्मेट विसरू नका. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा. तीनदा नापास झाल्यावर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

पास झालात तर लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. कार्ड पोस्टाने येतं. आल्याबरोबर नावाचं स्पेलिंग आणि वर्ग तपासा. रस्त्यात अडवलं तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स चालतं, गॅलरीतला कार्डाचा फोटो चालत नाही.