वीज कमी खाणारं फायर स्टेशन कसं बांधायचं

खानापूर, निपाणीकडं गावं वाढायलेत, उन्हाळ्यात ऊस नाहीतर गवताची गंजी पेटली की बंब लांबून येईस्तोवर राख होते, म्हणून स्टेशन जवळच पाहिजे आणि बांधतानाच बिल कमी येईल असं बांधा.

जागा मेन रोडला लागून, पण रेल्वे फाटकाच्या अलीकडं की पलीकडं ते आधी बघा, ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवा, पश्चिमेला खिडक्या कमी, कारण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिकडूनच. भिंतीला जांभा चिरा घ्या, आत गारवा राहतो.

छतावर सोलर दक्षिणेकडं साधारण 15 अंश कलता, 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, आणि वायरलेस-फोनला बॅटरी वेगळीच ठेवा, वादळात लाईट जातेच की ओ.

पाणी तर सोडूच नका! 200 चौरस मीटर छतावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 20,000 लिटर होतं, थोडं वाया गेलं तरी गाळून टाकीत घ्या, बंब त्यावरच भरतील. गाड्यांच्या खोलीत वर झरोके ठेवा, डिझेलचा धूर जवानांच्या झोपायच्या खोलीत शिरता कामा नये.