कुंडीतल्या लिंबावर फुलपाखरू घडताना कसं बघायचं

फुलपाखरं यावीत म्हणून बहुतेक जण आधी फुलझाडं आणतात. फुलपाखरं येतातही, दोन मिनिटं मध पितात आणि निघून जातात, कारण अंडी घालावीत असं तिथे काहीच नसतं. ती मुक्कामाला यायला हवी असतील तर अळीच्या खाण्याची सोय करा आणि पानं कुरतडली जाणार हे आधीच मनाशी मान्य करून टाका. मला हे कळायला बराच वेळ लागला, म्हणून अगदी पहिल्यापासून सांगते.

स्टेप १: झाड निवडा

अळी समोर येईल ते पान खात नाही. बहुतेक जातींची झाडं ठरलेली असतात, दुसरं पान दिलं तर उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. लिंबू, बेल, कढीपत्ता यांच्यावर लिंबाळी फुलपाखरू येतं, रुईवर केशरी रंगाचं, काळ्या कडांचं एक येतं. सुरुवातीला लिंबूच घ्या, कुंडीत जगतं आणि अळी सहज सापडते. रुई लावणार असाल तर तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, डोळ्याला खरंच इजा होते.

नर्सरीतून आणलेल्या झाडावर बऱ्याचदा औषध मारलेलं असतं, त्यामुळे झाड धुऊन घ्या आणि त्यावर नवी कोवळी पालवी फुटेपर्यंत काही आठवडे थांबा. नंतर त्यावर काहीही फवारायचं नाही, 'नैसर्गिक' लिहिलेलं औषधसुद्धा नाही. बीटी जिवाणूचं औषध नैसर्गिकच असतं, पण ते मुळात अळ्या मारायलाच बनवलंय.

स्टेप २: अंडं शोधा

मादी पानावर बसते आणि पुढच्या पायांनी भराभर टपटप करते, ते बघा. ती पायांनी पानाची चव घेत असते, झाड बरोबर आहे ना याची खात्री करते. पटलं की पोट वाकवून एक अंडं चिकटवते आणि पुढच्या पानावर जाते. लिंबाळीचं अंडं मोहरीपेक्षाही लहान, गोल, फिकट पिवळं असतं आणि कोवळ्या शेंड्याजवळ सापडतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघा, नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही.

उबदार हवेत तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते.

स्टेप ३: अळी सांभाळा

लहान अळी बघून तुम्ही ती झटकून टाकाल, कारण ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. पक्ष्यांनी तिला सोडून द्यावं म्हणूनच ते रूप असतं. चार वेळा कात टाकते, आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते. हलक्या हाताने डिवचली तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास येतो. एकदाच बघा, पुन्हा पुन्हा त्रास देऊ नका.

झाडावरच राहू दिलं तर उत्तम. जवळून बघायचंच असेल तर जाळीच्या कापडाने झाकलेला मोठा डबा घ्या, फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी आत उतरून बुडते (माझी एक अशीच गेली, फार वाईट वाटलं होतं). लेंड्या रोज साफ करायच्या, ओलावा राहिला की बुरशी आणि रोग येतो. डबा उन्हात ठेवायचा नाही. अळी एका जागी गप्प बसून खात नसेल तर ती आजारीच असेल असं नाही, कात टाकायची तयारी असते, तेव्हा तिला अजिबात हलवायचं नाही. केसाळ अळी दिसली तर हात लावू नका, काहींच्या केसांनी अंगाची आग होते.

स्टेप ४: कोष

साधारण दोन-तीन आठवड्यांत अळी खाणं सोडते, पोट रिकामं करते आणि जागा शोधत भटकते. मग काडीवर शेपटीकडचं टोक रेशमाने चिकटवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन स्वतःला बांधून टाकते. दुसऱ्या दिवशी बघाल तर अळी नाही, कोष! जागेनुसार तो हिरवा किंवा तपकिरी होतो. आत अळीचे बरेचसे अवयव विरघळतात, आणि पंख, पाय, डोळे यांच्या ज्या पेशींच्या गुठळ्या अळीच्या अंगात आधीपासून होत्या त्या वाढायला लागतात.

माझ्या एका कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या. तेव्हा रडू आलं होतं, आज वाटतं की तो निसर्गाचा हिशोबच होता. एक मादी शेकडो अंडी घालू शकते, ती सगळी जगली तर झाडावर पान उरणार नाही. गांधीलमाश्या, कोळी, मुंग्या, पिल्लांना भरवणारे पक्षी, सगळे या अळ्यांवर जगतात. फुलपाखरू परागीभवन करतं हे आपण शाळेत शिकतो, आणि ते खरंय, जरी मधमाशीइतके पराग त्याच्या अंगाला चिकटत नाहीत, पण अळी म्हणून ते जे इतरांना पुरवतं ते कुणी फारसं सांगत नाही.

स्टेप ५: बाहेर येताना

आठ-दहा दिवसांनी कोष काळपट होतो आणि पंखांची नक्षी बाहेरून दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. कोष डोक्याकडून उलतो, आधी पाय येतात, मग सगळं अंग ओढून निघतं. पंख ओल्या, चुरगळलेल्या कागदासारखे, एवढेसे. ते काडीला लटकतं आणि पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं, पंख तुमच्या डोळ्यांसमोर उलगडत जातात. सोंडसुद्धा आधी दोन भागांत असते, फुलपाखरू ती गुंडाळत-उलगडत दोन्ही भागांची एक नळी करून घेतं. खाली लालसर थेंब पडतात ते रक्त नाही, कोषात साठलेला मळ असतो.

या वेळी मदत करायची नाही, हात लावायचा नाही. पंखावरची पावडर म्हणजे कौलांसारखे रचलेले खवले, ते गेले की परत येत नाहीत. फक्त लटकायला मोकळी जागा हवी, पंख कुठे टेकले तर तसेच वाकडे वाळतात. दोन-तीन तास वाळू द्या आणि मग झाकण उघडा. पाऊस किंवा रात्र असेल तर सकाळपर्यंत थांबा, अंग गरम झाल्याशिवाय त्याला उडता येत नाही.

जमलं तर मोजणीही करा

ब्रिटनमध्ये १९७६ पासून लोक ठरलेल्या वाटेवरून चालत, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटरमध्ये दिसणारी फुलपाखरं मोजतायत. परिसर बिघडतोय की सुधारतोय हे अशा आकड्यांतून लवकर कळतं, कारण झाडं किंवा हवामान बदललं की फुलपाखरांवर त्याचा परिणाम पटकन दिसतो. वाट तीच, वेळ साधारण तीच, ऊन असलेला दिवस, एवढं पाळून वहीत लिहीत जा.

आणि कुरतडलेल्या लिंबाची काळजी करू नका, थोडी छाटणी केली की नवी पालवी फुटते. ती दिसली की शेंड्याजवळची पानं परत उलटून बघायला लागा.